मृगातले बेडूक आणि बेडकांतले कृमी: शहादा ते तोरणमाळ

बुधवार, चोपडा–शिरपूर–शहादा

वनखात्याच्या परवानगीचं पत्र हातात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही जळगाव सोडलं. मृग लागून आठवडा होत आला होता आणि पाऊस कुठे नव्हताच. तापीच्या दोन्ही काठांवर बागायती कपाशी वीतभर झालेली, कोरडवाहूवाले आभाळाकडे बघत बसलेले. आमची नजरही आभाळाकडेच होती. बेडकांच्या पोटातल्या चपट्या कृमींचा अभ्यास करायचा तर पहिल्या पावसाच्या दोन-चार रात्री सगळ्यांत मोलाच्या. त्या हुकल्या की वर्ष गेलं.

गाडीत मी, प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेले दोन विद्यार्थी (मुलगी अमळनेरकडची, मुलगा धडगावचा, पावरा समाजातला) आणि गाडी चालवायला आबा. मागच्या सीटवर मायक्रोस्कोपची पेटी, झाकणाचे प्लास्टिकचे डबे, बारीक जाळीच्या गाळण्या, ९६ टक्के अल्कोहोलच्या बाटल्या. चोपड्यापर्यंत केळीच्या बागा, शिरपूरनंतर कपाशी, शहादा जवळ येताना पपई आणि ऊस. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता सातपुड्याला समांतर जातो, त्यामुळे डोंगर सगळा वेळ उजव्या हाताला सोबत असतो.

रात्री शहाद्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. जेवताना मुलीने विचारलं, "मॅडम, आपण नेमकं काय सापडायची वाट बघतोय?" प्रश्न रास्त होता, म्हणून इथेच सांगून टाकते.

बेडकात चपटे कृमी बरेच असतात. आतड्यात, फुप्फुसात, मूत्राशयात, कधी तोंडातसुद्धा. त्यातले पर्णकृमी आणि पट्टकृमी आपल्याकडे पुष्कळ अभ्यासले गेले. अलाहाबादच्या एच. आर. मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०-३० च्या दशकांत बेडकांतल्या कितीतरी पर्णकृमींचं वर्णन केलं. माझं लक्ष मात्र पॉलिस्टोमा आणि त्याच्या कुळातल्या कृमींवर आहे. पर्णकृमीला आयुष्य पुरं करायला गोगलगाय लागते, बहुतेकांना मध्ये एखादा पाणकिडाही लागतो. पॉलिस्टोमाला दुसरा कुणी लागत नाही. बेडकाच्या मूत्राशयात राहायचं, अंडी पाण्यात सोडायची, अंड्यातून निघालेल्या अळीने त्याच पाण्यातला टॅडपोल गाठायचा, आणि टॅडपोलचा बेडूक झाला की पुन्हा मूत्राशयात जायचं. बेडूक पाण्यात उतरेल तेवढ्याच दिवसांत हा सगळा व्यवहार उरकायचा असतो. खानदेशात ते दिवस किती थोडे असतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

भारतात या कुळातल्या प्रजातींची नोंद कमी आहे. १९९१ मध्ये मेघालयातल्या एका झाडबेडकातून पॉलिस्टोमा इंडिकमचं वर्णन झालं. २०१९ मध्ये आशियाई झाडबेडकांतल्या बऱ्याच प्रजातींसाठी इंडोपॉलिस्टोमा हा वेगळा वंश मांडला गेला. सातपुड्यातल्या झाडबेडकांत काय आहे, ते बघायला आम्ही निघालो होतो.

गुरुवार, प्रकाशा आणि गोमाईकाठ

सकाळी प्रकाशाला संगमावर गेलो. दक्षिण काशी म्हणतात ती हीच. दर्शन घेऊन गोमाईच्या बाजूची शेततळी आणि खाणीतली डबकी पाहत हिंडलो. डबक्यांत पाणी नावालाच होतं. काठाला पाण्यावरून उड्या मारत पळणारे लहान बेडूक तेवढे दिसले, ते बारमाही पाण्यात असतातच.

एका डबक्यापाशी आम्ही वाकून बघतोय म्हटल्यावर शेताचे मालक आले. सत्तरीचे असावेत. "काय धुंडी राह्यनात ताई?"

बेडूक, म्हटलं.

"बेडूक? त्यासनं काय करतस?"

मी सांगितलं की बेडकाच्या लघवीच्या पिशवीत एक किडा राहतो, त्याची अंडी आम्हाला पाहिजेत. आप्पा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. बांधावर बसले आणि म्हणाले की त्यांच्या लहानपणी पहिल्या पावसाला या शिवारात पिवळ्या बेडकांचा एवढा गलका व्हायचा की घरात बोललेलं ऐकू यायचं नाही. मग तंगड्या परदेशी पाठवणाऱ्यांची माणसं यायची, पोती भरून न्यायची. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, पण त्या वर्षांत जे गेलं ते गेलं. आप्पांच्या मते बेडूक गेले आणि कपाशीवरचं औषध वाढलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध किती, ते असं बांधावर बसून ठरत नाही. मात्र ज्याने शिवार साठ वर्षं रोज पाहिलं त्याचं बोलणं मी वहीत उतरवून घेते, मापांइतक्याच काळजीने.

दुपारी गावातून पोरांची धोंडी निघाली. अंगाला लिंबाचा पाला बांधलेला एक मुलगा, मागे दहा-बारा जण, "धोंड्या धोंड्या पाणी दे." दारोदार बाया त्याच्यावर पाण्याचा तांब्या ओतत होत्या.

रात्री साडेनऊला वीज गेली. दहाला पाऊस आला.

आम्ही शेततळ्याकडे धावलो. अर्ध्या तासात आवाज सुरू झाला आणि बॅटरी टाकली तर पाण्यात पिवळेजर्द नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून. हा आपला मोठा बैलबेडूक. एरवी मातकट-हिरवा असतो, विणीच्या त्या रात्रींपुरता असा पिवळा होतो. मुलगी आयुष्यात पहिल्यांदा हे बघत होती. ती काही बोलली नाही, बॅटरी फक्त स्थिर धरून उभी राहिली. बांधाच्या भुसभुशीत मातीतून गोल अंगाचे बिळकरी बेडूकही वर येत होते. वर्षातले बहुतेक महिने हे जमिनीखाली असतात.

या बिळकऱ्यांकडे बघताना मला ॲरिझोनाच्या वाळवंटातलं काम आठवतं. तिथेही असाच एक जमिनीत गाडून घेणारा बेडूक आहे, वर्षातल्या मोजक्या रात्रीच पाण्यात उतरणारा. त्याच्या मूत्राशयातल्या कृमीवर रिचर्ड टिन्सली यांनी अनेक वर्षं काम केलं. एवढ्या थोड्या वेळात अंडं घालून ते उबेपर्यंत थांबणं परवडणार नाही, म्हणून तो कृमी अळ्या आपल्या पोटातच पूर्ण वाढवून ठेवतो. बेडूक जोडी जमवायला पाण्यात उतरला की अळ्या सोडतो आणि त्या त्याच रात्री दुसऱ्या बेडकाच्या नाकपुडीतून आत शिरतात. कोरड्या मुलखात परजीवीने काढलेला हा तोडगा. आपल्या बिळकरी बेडकांत असं काही आहे का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही.

पकडलेला एकेक बेडूक वेगळ्या डब्यात, तळाला दोन बोटं बोअरचं स्वच्छ पाणी, झाकणाला भोकं. हातमोजे प्रत्येक बेडकागणिक नवे. एका डबक्यातून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी ब्लीचिंगच्या पाण्यातून काढायची, कारण बेडकांच्या कातडीची बुरशी चिखलातून पसरते आणि ती पसरवणारे आपणच असू नये.

शुक्रवार, शहादा

डब्यातलं पाणी एकेक करून जाळीतून गाळलं. बेडकाला कृमी असेल तर रात्रभरात अंडी लघवीतून पाण्यात पडतात आणि जाळीवर अडकतात. बेडकाला चिरायची गरज नाही, नंतर जिथून आणला तिथे सोडायचा. जुन्या काळी दोनशे बेडूक फाडून वीसांत कृमी मिळाला की अभ्यास झाला म्हणत. महाविद्यालयांतली चिरफाड विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये थांबवायला सांगितली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या पुष्कळांना ती अडचण वाटली. मला नाही वाटली. आधी गाळून बघायची शिस्त त्यामुळेच आमच्याकडे पक्की झाली.

जाळीवर काही नव्हतं. बैलबेडूक नाही, बिळकरी नाही. सगळे संध्याकाळी शेततळ्यात सोडले.

रस्त्यावर मात्र रात्रीत ट्रकखाली आलेले बेडूक पडले होते. ताजे होते, परवानगीत त्यांचाही उल्लेख होता, म्हणून लॉजच्या मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून एक बैलबेडूक उघडला. आतड्यात पर्णकृमी मिळाले, बहुधा गनिओ वंशातले. मेहरा आणि नेगी यांनी १९२८ मध्ये याच बेडकातून वर्णन केलेला गनिओ टायग्रिनस असू शकतो. मुलांचा हात बसायला चांगली संधी होती. कृमी ब्रशने उचलायचा, चिमट्याने कधीच नाही. गरम सलाईनमध्ये टाकला की तो सरळ ताठ होऊन मरतो. थंड औषधात टाकला तर आक्रसतो, आणि आक्रसलेल्या कृमीची मापं काढून लोकांनी नव्या प्रजाती जाहीर केलेल्या आहेत. तो घोळ निस्तरण्यात पुढच्या पिढीची वर्षं जातात.

शनिवार, तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, मग सातपायरीचा घाट. खाली तापीचं खोरं भट्टीवाणी तापलेलं, वर ११०० मीटरच्या पुढे पठारावर धुकं आणि साग संपून वेगळीच झाडी. यशवंत तलावापाशी चहा घेतला. आमचा पावरा विद्यार्थी आता यजमान झाला, त्याच्या मावशीचं घर सीताखाईच्या वाटेवर. मावशींनी मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. बेडकांचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी हातानेच दिशा दाखवली. पोराने भाषांतर केलं: शाळेच्या टाकीवर फेस लागलाय.

आश्रमशाळेची सिमेंटची उघडी टाकी होती, पावसाचं पाणी साठलेली. पाण्याच्या वर हातभर अंतरावर भिंतीला पांढरट फेसाचे गोळे चिकटलेले. ही झाडबेडकाची घरटी. मादी अंड्यांबरोबर जो स्राव सोडते तो मागच्या पायांनी घुसळून फेस करतात, वरून तो सुकतो, आत अंडी ओली राहतात. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि पिल्लं थेट पाण्यात पडतात.

शाळेतले सर सुट्टी असूनही तिथेच राहत होते. त्यांनी आम्हाला वर्गखोली दिली. अंधार पडल्यावर टाकीच्या कडेने आणि शेजारच्या करवंदीतून "टक्-टक्-टक्" सुरू झालं. पोराच्या हाताला हे बेडूक लगेच लागत होते. लहानपणापासूनची सवय, आवाज आला की तो थेट त्या फांदीकडे जायचा. मी वीस वर्षं बेडूक पकडते आहे आणि तरी त्याच्या मागे चालत राहिले. थोडेच घेतले, रात्री डब्यांत ठेवले.

रविवार, तोरणमाळ

पहिल्या डब्यांच्या जाळीवर कातडीचे तुकडे, मातीचे कण. मग एका जाळीवर मुलीने लेन्स थांबवली आणि म्हणाली, "मॅडम, हे सोनेरी काय आहे?"

खाली बघितलं. अंडी होती. पाव मिलिमीटरच्या आसपास, लंबगोल, तपकिरी-सोनेरी कवच, आत करडा गर. एकाच बेडकाच्या डब्यात इतकी. काही वेळाने आणखी एका डब्यात मिळाली.

खोलीत एकदम गडबड झाली. सर चहा घेऊन आले ते कप तसेच ठेवून मायक्रोस्कोपवर वाकले. गावातली चार पोरं खिडकीत. प्रत्येकाला दाखवलं.

मग अवघड भाग. अंड्यावरून प्रजाती ठरत नाही, प्रौढ कृमी लागतोच. परवानगीत मोजक्या बेडकांची मुभा होती, त्यातला एकच वापरायचा ठरवलं, ज्याने अंडी दिली होती तोच. एम.एस.-२२२ या भुलीच्या औषधाच्या पाण्यात त्याला शांतपणे झोपवलं. पोराने विचारलं, याला दुखत असेल का. या औषधाने आधी शुद्ध जाते, एवढं मी सांगू शकले. तो बेडूक त्याच्या गावचा होता आणि विचारण्याचा हक्क त्याला माझ्याहून जास्त होता.

मूत्राशय दोन पाळ्यांचं, इतकं पातळ की आतलं दिसतं. डाव्या पाळीत कृमी हलत होता, तांदळाच्या कणीएवढा. भिंग वाढवल्यावर मागच्या टोकाची तबकडी दिसली: सहा चूषकं, दोन ओळींत तीन-तीन, आणि मागच्या चूषकांच्या मधोमध हुकासारखे दोन मोठे आकडे. तबकडी पक्की रोवून तो पुढचा भाग ताणत होता, आखडत होता, पुन्हा ताणत होता. आतड्याच्या फांद्या काळ्या दिसत होत्या, कारण हा रक्त पितो आणि पचलेल्या रक्ताचा काळा रंग तिथे साठतो. त्या काळ्या नक्षीवरूनच आतडं कुठे फाटे फोडतं, फाटे एकमेकांना कुठे जोडले जातात, हे जिवंतपणी सगळ्यांत स्वच्छ दिसतं. मी तासभर चित्र काढत बसले. फोटो मुलगी काढत होती, पण हाताने काढल्याशिवाय डोळ्याला नीट दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

उजव्या पाळीत दुसरा होता. एक गरम सलाईनमधून रंगवण्यासाठी ठेवला, दुसरा सरळ ९६ टक्के अल्कोहोलमध्ये, डी.एन.ए.साठी. फॉर्मालिनमध्ये टाकला असता तर जनुकांचं वाचन जवळपास अशक्य झालं असतं. अंडी देणारा दुसरा बेडूक टाकीवर सोडला. त्याच्यामुळेच पुढे टाकीतल्या टॅडपोलांत काय होतं ते बघता येईल.

युरोपातल्या पॉलिस्टोमाबद्दल एर्न्स्ट झेलर यांनी १८७० च्या दशकात दाखवलेली एक गोष्ट फार विलक्षण आहे. अळी अगदी लहान टॅडपोलच्या कल्ल्यांना चिकटली, तर ती तिथेच झटपट वाढते, अंडी घालते आणि टॅडपोलचा बेडूक होताना मरून जाते. तीच अळी मोठ्या टॅडपोलला लागली, तर थांबते, बेडूक होण्याची वाट बघते, मग मूत्राशयात जाऊन वर्षानुवर्षं राहते. एकाच प्रजातीची दोन रूपं, इतकी वेगळी की ज्याला जीवनक्रम माहीत नाही तो दोन नावं देऊन मोकळा होईल. तोरणमाळच्या कृमीचं कल्ल्यावरचं रूप असेल तर कसं असेल, ते पाहिल्याशिवाय त्याचं वर्णन पुरं झालं असं मी म्हणणार नाही.

सोमवार, परतीचा रस्ता

घाट उतरलो. अंड्यांची बशी मुलीने मांडीवर धरली होती, पाणी हिंदकळू नये म्हणून आबांनी गाडी सबंध रस्ता चाळीसच्या वर नेली नाही.

जळगाव, आषाढ

कृमी ॲसिटोकार्मिनने रंगवला. जास्तीचा रंग आम्ल-अल्कोहोलने काढताना नजर हटवून चालत नाही. अंडाशय आणि वृषण गुलाबी उठून दिसले पाहिजेत, बाकीचं फिकं. मग चढत्या टक्क्यांच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचा, कॅनडा बाल्सममध्ये कायमचा बसवायचा. मग कॅमेरा ल्युसिडावर, म्हणजे मायक्रोस्कोपमधली आकृती कागदावर गिरवू देणाऱ्या उपकरणावर, चित्र. शरीराची लांबी, तबकडीचं शरीराशी प्रमाण, आकड्यांचा आकार, जननछिद्राभोवतीच्या काट्यांची संख्या. हे काटे तेलाच्या लेन्सखालीच मोजता येतात.

बशीतली अंडीही दहा-बारा दिवसांत फुटली. अळीला चार डोळे, अंगभर केसाळ पट्टे, तबकडीला सोळा बारीक आकडे. बशीच्या उजेडाकडच्या कडेला त्या पोहत जमा होत होत्या.

आकड्यांचं माप आणि काट्यांची संख्या, दोन्ही छापील वर्णनांशी जुळली नाहीत. विद्यार्थ्यांनी लगेच विचारलं, मग नवी प्रजाती? माझं उत्तर त्यांना आवडलं नाही, तरी ते असं आहे: न जुळणं ही सुरुवात आहे. एकाच रंगवलेल्या कृमीवर मी प्रजाती उभी करणार नाही. वयाप्रमाणे आकडे वाढतात, नगागणिक काटे कमी-जास्त असतात. वेगवेगळ्या बेडकांतले आणखी कृमी हवेत. २८एस आणि सी.ओ.आय. या जनुकांचं वाचन हवं. इंडिकमचे मूळ नमुने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवेत. नाव द्यायची वेळ आली तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार-नमुना, म्हणून कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जमा होईल, आणि नाव झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत नोंदवलं जाईल. आपल्याकडच्या जुन्या कृमी-साहित्यात अशी कितीतरी नावं आहेत ज्यांचे मूळ नमुने आज कुणालाच सापडत नाहीत. त्यात भर टाकायला मी तोरणमाळला गेले नव्हते.

विद्यार्थी मात्र नावाची चर्चा करतात. पोराचं म्हणणं, सीताखाईचं नाव द्या. मला ते पटलं आहे, पण वहीत अजून नमुना क्रमांकच लिहितो.

शाळेच्या सरांचा काल फोन आला. टाकीवर आणखी घरटी लागली, पहिल्या घरट्यांतली पिल्लं पाण्यात पडली. मुलांनी भिंतीवर खडूने तारखा लिहायला सुरुवात केली आहे. टॅडपोलांचे पाय फुटायच्या आत कल्ले तपासले पाहिजेत, म्हणून परवानगीची मुदत वाढवायचा अर्ज आज सकाळी वनखात्यात देऊन आले.